ओल्या कचऱ्यापासून आगेऱ्यापर्यंत: मुंबईतल्या ख्रिस्ती घरांनी आणि चर्चने पर्यावरण कसं सांभाळावं

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार लोक जेवले, ही गोष्ट रविवार शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्यानंतरची ओळ मात्र आपण घाईने ओलांडतो. लोकांची पोटं भरल्यावर येशू शिष्यांना सांगतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ देऊ नका (योहान 6:12). शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या. हवी तेव्हा भाकरी वाढवू शकणाऱ्यालाही उष्ट्या-उरल्याची फिकीर होती. मुंबईत कामाला लागायला एवढी ओळ पुरते, कारण या शहराच्या कचऱ्यातला निम्म्याहून जास्त भाग असाच ओला, स्वयंपाकघरातून आलेला असतो.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं. त्याच्या 211व्या परिच्छेदात कामांची साधी यादी आहे: प्लास्टिक आणि कागद कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, खाल तेवढंच शिजवा, बस-ट्रेनने जा किंवा गाडीत इतरांना सोबत घ्या, झाडं लावा, नको ते दिवे बंद करा. ‘यात नवीन काय?’ असं म्हणून काहीजण नाक मुरडतात. नवीन काहीच नाही. पण याच परिपत्रकात दुसरा, जास्त अवघड मुद्दा आहे: पर्यावरणाचं संकट आणि माणसांचं संकट ही दोन वेगळी संकटं नाहीत. मुंबईकराला हे कळायला लांब जायला नको. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेत आलं आहे. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं तेव्हा धूर शहरभर पसरला, पण त्याच्या कुशीत रोज राहतात ते गोवंडी-शिवाजीनगरचे लोक. बायबलमध्ये येशूला विचारलेल्या ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचं एक उत्तर त्या वस्तीत मिळतं. म्हणून सुरुवात कचऱ्यापासून करू, आणि त्यावर जरा जास्त वेळ थांबू.

पहिली पायरी: स्वयंपाकघरातली बादली

घरात तीन डबे ठेवा: ओला, सुका, आणि तिसरा सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, ब्लेड, बॅटऱ्या यांचा. तिसऱ्या डब्यातले पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून लाल खूण करून द्या, कारण ते उचलणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा हातमोजे नसतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो एवढासा तुकडा कधीच गोळा होत नाही आणि गटारात जातो. पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाका.

आता ओला कचरा. वन रूम किचनमध्येही खत होतं, फक्त पद्धत नीट हवी. साधारण वीस लिटरच्या दोन झाकणाच्या बादल्या घ्या. तळाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताट ठेवा. तळाशी चार बोटं जाडीचा थर द्या: नारळाच्या शेंड्या किंवा सुका पाचोळा. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाका आणि प्रत्येक वेळी त्याच्या बरोबरीने, शक्य तर थोडा जास्तच, सुका पाचोळा वर पसरा. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक चालतं. दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. एक बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. दीड-दोन महिन्यांत पहिलीत काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार असतं.

वास आला तर समजा पाणी जास्त झालंय. पाचोळा वाढवा, ढवळा. मुंग्या आल्या तर उलट, सुकलंय. थोडं पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या की घरातले ओरडतात, पण त्या अळ्या कचराच खातात आणि कोणाला चावत नाहीत. नकोच असतील तर पाचोळ्याचा जाड थर वर टाका. ताटात साठलेलं तपकिरी पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून कुंड्यांना घाला.

आपल्या घरांत खरी अडचण मासळीची. कोळंबीची सालं, बोंबलाची डोकी, खवले यांना उन्हाळ्यात तासाभरात वास सुटतो. ती बादलीच्या मधोमध खड्डा करून पुरा आणि वर दुप्पट पाचोळा द्या. मटणाची मोठी हाडं टाकू नका, ती महिनोन्महिने तशीच राहतात. आणि मांजरांचा त्रास असलेल्या चाळीत मासळी बादलीत घालण्याचा हट्टही धरू नये. भाजीपाला आणि फळांचीच बादली करा, तेवढंही पुष्कळ झालं.

दुसरी पायरी: चर्चच्या अंगणातला पाचोळा

पाचोळा कुठून आणायचा, हा फ्लॅटवाल्यांचा पहिला प्रश्न. विकत कोकोपीट मिळतं, पण मला ते पटत नाही. वरळीच्या माणसाने कर्नाटकातून आलेला नारळाचा भुसा विकत घ्यायचा आणि त्याच वेळी चर्चच्या आवारात झाडाखाली पानांचा ढीग पेटवून द्यायचा, हा कुठला हिशोब? शहरात पाला जाळायला बंदी आहे. तरी कोपऱ्यात गुपचूप ढीग पेटतात, आणि सकाळच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, आलेल्या दम्याच्या आजीबाई तो धूर घेतात.

मुंबईत पानगळ साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत जोरात असते. राखेचा बुधवार आणि त्यापासून सुरू होणारा ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमका याच दिवसांत येतो. तेव्हा उपवासकाळातला पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या कुटुंबांचा, उपक्रम म्हणून हेच घ्या: दर शनिवारी तरुणांनी पाचोळा गोण्यांत भरायचा, गोण्या छपराखाली कोरड्या ठेवायच्या आणि रविवारी मिस्सा किंवा उपासना सुटली की घरी बादली चालवणाऱ्यांना द्यायच्या. पावसाळ्यात घरचं खत हमखास चिघळतं, तेव्हा हाच साठा कामी येतो. उरलेल्या पानांसाठी आवारातच जाळीचा चौकोनी हौद करा, तीन बाय तीन फुटांचा, वर झाकण नसलेला. पानं ओली राहतील एवढं पाणी मारा. फक्त पानांचं खत व्हायला सहा-आठ महिने लागतात, घाई करू नका.

तिसरी पायरी: पाणी आणि वीज

मुंबईला सात तलावांतून रोज साधारण 390 कोटी लिटर पाणी मिळतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. एकट्या भातसाचा वाटा जवळपास निम्मा. हे धरण शहापूर तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. आपल्या नळाचं पाणी त्या बायांच्या दारावरून येतं. नळाचं वॉशर बदलायला आळस करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

घरात करायचं ते थोडक्यात: गळके नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करा, बेसिनच्या नळांना जाळी लावा, आरओ मशीनचं फेकलं जाणारं पाणी बादलीत घेऊन लादी पुसायला वापरा.

चर्चला मात्र पावसाचा विचार मोठ्या मापाने करता येतो, कारण चर्चचं छप्पर मोठं असतं. मुंबईत वर्षाला दोन मीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर छपरावर पडणारं पाणी म्हणजे दोन लाख लिटरच्या वर. गळती-उधळ वजा केली तरी दीड-पावणेदोन लाख लिटर हाताला लागतं. पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुऊन वाहून जाऊ द्या. नंतरचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून जुन्या विहिरीत किंवा बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. विहीर असेल तर आधी गाळ काढा, आणि सांडपाण्याची लाइन जवळून जात नाही ना हे प्लंबरकडून तपासून घ्या. हे न बघता पाणी सोडलं तर विहीरच बाटते.

विजेचं गणित एका पंख्यावर समजतं. जुना छताचा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा 30च्या आसपास. चर्चमध्ये चाळीस पंखे असतील आणि ते आठवड्याला वीस तास चालत असतील, तर वर्षाला साधारण 1,900 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जुना बिघडला की त्याजागी नवा, एवढा ठराव फायनान्स कमिटीने लिहून ठेवला तरी काम होतं. वेदीवरची रोषणाई प्रवचन चालू असताना कमी केली तर कोणाची भक्ती कमी होत नाही.

चौथी पायरी: शुक्रवारची मासळी

शुक्रवारी मटण-चिकन नाही, म्हणून मासे. आपल्याकडे हा त्याग कधी कधी पापलेटच्या कालवणावर येऊन थांबतो, त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण बाजारात कुठला मासा उचलायचा, हे ठरवणं हातात आहे. महाराष्ट्राने 2023 साली पापलेटला राज्यमासा केलं, कारण तो कमी होत चाललाय. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे. साडेतेरा सेंटीमीटरपेक्षा छोटं पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. कोळीणबाईंना सरळ विचारा, ‘मावशी, यापेक्षा मोठं नाही का?’ गिऱ्हाईक छोटं घेत नाही म्हटल्यावर बाजार ऐकतो. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा सुका बोंबील, जवळा, सोडे काढा. आपल्या आज्या पावसाळ्यात हेच करायच्या.

आणि पिशवी घरूनच न्या. मासळीसाठी डबा नेला तर अजून चांगलं. राज्यात प्लास्टिकबंदी 2018 पासून आहे, तरी मासळी बाजारात काळ्या पातळ पिशव्या अजून फुकट मिळतातच.

पाचवी पायरी: सण आणि जत्रा

चर्चचं वर्ष हाच आपला आयता आराखडा आहे. वेगळा ‘पर्यावरण दिन’ साजरा करून बॅनर छापण्यापेक्षा, जे सण आपण करतोच त्यांची घडी थोडी बदलावी.

झावळ्यांच्या रविवारासाठी कोवळी पिवळसर पात मुद्दाम तोडायला लावू नका. माळ्याकडून नेहमीच्या छाटणीत निघालेल्या झावळ्या मागवा. वर्षभर घरात ठेवलेल्या झावळ्या पुढच्या राखेच्या बुधवारी राखेसाठी परत चर्चला द्या. राख जुन्या झावळ्यांचीच असते, ही प्रथा आपल्याकडे आहेच.

नाताळचा गोठा करताना थर्माकोलचे डोंगर नकोत. पूर्वी पंधरा दिवस आधी पत्र्याच्या डब्यांत नाचणी किंवा गहू पेरायचे, नाताळपर्यंत हिरवंगार गवत तयार व्हायचं. मुलांना हे काम द्या. रोज पाणी घालायला तीच आठवण करतात. कागदाचा आणि बांबूच्या कामट्यांचा तारा वर्षभर घडी करून ठेवता येतो. प्लास्टिकचं ख्रिसमस ट्री आधीच घरात असेल तर ते टाकून ‘नैसर्गिक’ घ्यायला धावू नका, आहे तेच दहा वर्षं वापरा. कलकल, नेवऱ्या, मिल्क क्रीम शेजाऱ्यांना स्टीलच्या डब्यातून द्या. डबा परत येताना रिकामा येत नाही, ही आपली जुनी रीत आहे, आणि प्लास्टिकच्या ट्रेला ती लागू नाही.

सप्टेंबर महिना खास आहे. 1989 साली ऑर्थोडॉक्स चर्चने 1 सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही घेतला. आता 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरला संत फ्रान्सिस असिसीकरच्या सणापर्यंत अनेक पंथ मिळून सृष्टीचा काळ पाळतात. त्याच काळात 8 सप्टेंबरला मारियेचा जन्मदिन येतो आणि वांद्र्याला मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा भरते. मेणबत्त्या, मेणाचे हात-पाय, घरं, बाळं. बाजारातलं बहुतेक मेण पॅराफिन असतं, म्हणजे खनिज तेलापासून आलेलं. नवस सोडायला मी कोणाला सांगणार नाही. पण घरटी एक मेणबत्ती पुरते, पाच जणांनी पाच कशाला? घरच्या आणि चॅपलमधल्या मेणबत्त्यांची बुडं वेगळ्या डब्यात साठवा. महिला मंडळाने ती वितळवून, जुन्या वाती काढून, स्टीलच्या ग्लासात नव्या ओतल्या तर दिवे जाण्याच्या दिवसांत उपयोगी पडतात. मेण थेट आचेवर ठेवू नका, भडकतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मेणाचं भांडं ठेवा. शेजाऱ्यांच्या विसर्जनाबद्दल बोलण्याआधी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डोंगरउतारावर पडलेला कचरा बघून यावं, कुसळ-मुसळाची गोष्ट आपल्यालाच सांगितलेली आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन समाजाचा, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा, आगेरा हा सुगीचा सण. भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. ज्या गावठाणांत शेत उरलं नाही, तिथे हल्ली लोंब्या बाहेरून आणतात. त्याबरोबर गॅलरीत किंवा गच्चीवर बादलीच्या खतावर पिकवलेली मिरची, अळू, पुदिना, काही का असेना, वेदीपुढे ठेवायला हरकत नाही.

सहावी पायरी: लग्न आणि मयत

लग्नाच्या जेवणात पत्रावळीसारख्या दिसणाऱ्या कागदी ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती ना खत होतात, ना भंगारात जातात. स्टीलची ताटं भाड्याने मिळतात. त्यापेक्षा बरं म्हणजे पॅरिशनेच दोनशे ताट-वाट्या-पेले घ्यावेत आणि नाममात्र भाड्याने द्यावेत; भांडी धुण्याची मजुरी भाड्यातच धरावी. केटररला आधीच सांगा: पाण्याच्या छोट्या बाटल्या नकोत, मोठे जार आणि पेले ठेवा, आणि उरलेलं अन्न कोण नेणार याचा फोन नंबर लग्नाच्या आधी हातात असू द्या. रात्री अकरा वाजता बिर्याणीचं पातेलं घेऊन कोणाला शोधायचं?

ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. ज्या गावठाणाची विहीर बुजली किंवा कचऱ्याने भरली, तिथे तो विधी नळावर किंवा पिंपावर उरकतो. गावठाणातली एक विहीर गाळ काढून, जाळी बसवून जिवंत ठेवणं, हा पर्यावरणाचा आणि परंपरेचा एकाच खर्चातला उपाय आहे.

मयतीबद्दल बोलायला लोक कचरतात, पण मुंबईतल्या दफनभूमीत जागा कमी आणि त्याच जागा पुन्हा वापराव्या लागतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे, बूट, प्लास्टिकची फुलं मातीत विरत नाहीत. सुती कपडे घाला. पेटी साध्या लाकडाची, सनमायका आणि जाड पॉलिश नसलेली घ्या. थर्माकोलच्या पुष्पचक्राऐवजी फुलांची साधी जुडी पुरते. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी कबरींवरची फुलं आणि मेणबत्त्यांचे प्लास्टिकचे कप वेगळे गोळा करायला दारात दोन ड्रम ठेवा. फुलं पानांच्या हौदात जातील.

सातवी पायरी: झाडं आणि खाडी

आवारातल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भरलं असेल तर ते आधी फोडा, चारी बाजूंनी किमान एकेक मीटर माती मोकळी ठेवा. नवं झाड लावताना बकुळ, ताम्हण, करंज, उंडी असं इथलं लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे नाव लिहून ठरवा. फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा चर्चच्या जागेलाही लागू आहे. वेढा घातलेल्या शहराचीसुद्धा फळझाडं तोडू नका, असं अनुवाद 20:19 मध्ये लिहिलंय. पार्किंगसाठी आंबा पाडायचा विचार करणाऱ्या कमिटीला ते वाचून दाखवावं.

गोराई, मनोरी, मालवणीच्या बाजूला राहणाऱ्यांनी खारफुटीवर लक्ष ठेवावं. डेब्रिसचा ट्रक रात्री भर टाकताना दिसला तर तारीख, वेळ, नंबर प्लेटसह फोटो काढा आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आणि महापालिकेच्या 1916 वर कळवा. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी आणि तिच्या भोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं आहे, हे तक्रारीत लिहा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तसं पाणी उतरायला जागा लागते, आणि खाडीकाठ भरत गेलो की ती जागा आपणच बुजवतो.

आणि हे सुरू कसं करायचं

एकट्याने चर्च बदलायला जाऊ नका, फादर किंवा पाळकही एकटे काही करू शकत नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून तिथली हिरवाई वाचवण्याची जी चळवळ उभी केली, ती गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊनच उभी राहिली. तुमच्याकडे लहान ख्रिस्ती समूह आहेत, महिला मंडळ आहे, तरुण संघ आहे, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची माणसं घराघरांत जातात. नवीन समिती काढण्याआधी यांना विचारा.

एका रविवारी शेवटच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातला सगळा कचरा ताणकाट्यावर वजन करा, ओला-सुका वेगळा. आकडा फळ्यावर लिहा. लोकांना भाषणापेक्षा आकडा जास्त टोचतो. मग पॅरिश कौन्सिलपुढे तीनच ठराव ठेवा, जास्त नाही: पाला जाळायचा नाही, सणाच्या जेवणात एकदा वापरून फेकायची ताटं नाहीत, पंखे बिघडले की बीएलडीसी. तिसरा ठराव खर्चाचा असल्यामुळे त्यावर वाद होईल. वीजबिलांच्या गेल्या वर्षाच्या प्रती सोबत न्या. पहिले दोन त्याच बैठकीत मंजूर होतात. झाले की केटररशी होणाऱ्या पुढच्या करारात दुसरा ठराव शब्दशः लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या.